रोज दूध-ताक घेऊनही बी-१२ एवढे कमी कसे, आणि विसराळूपणाशी त्याचा खरोखर संबंध असतो का?

वाड्यातली_सून

नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहतो. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत; घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. आमच्या वाड्यातील गणेशोत्सवाचा जमाखर्च गेली तीस वर्षे त्यांच्याकडे आहे आणि त्यात एका रुपयाचीही चूक कधी निघाल्याचे कोणाला आठवत नाही. यंदा मात्र एकाच घरची वर्गणी त्यांनी दोनदा जमा धरली, तीन पावत्या कोऱ्याच फाडल्या, आणि बेरीज जुळेना तेव्हा वही मिटून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट मी पाहत होते, पण तिचा याच्याशी काही संबंध असेल असे मनात आले नव्हते. सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारण्यासाठी डोळे मिटले की त्यांचा तोल जातो आणि ते चटकन नळ धरतात. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि ती राहिल्याचे त्यांना चार पावले पुढे गेल्यावर, तेही खाली पाहिल्यावरच, कळते.

डॉक्टरांनी रक्ततपासणी करायला सांगितली. त्यात बी-१२ जीवनसत्त्व १३८ आले. अहवालावर खालची मर्यादा २०० छापलेली आहे. इंजेक्शने सुरू होत आहेत. नानांना मधुमेह असल्याने मेटफॉर्मिन अकरा वर्षांपासून चालू आहे, शिवाय छातीत जळजळ होते म्हणून आम्लपित्ताची गोळीही ते कित्येक वर्षे रोज सकाळी अनशापोटी घेतात.

माझा गोंधळ असा आहे की आमच्याकडे मांस-मासे-अंडी पिढ्यान्‌पिढ्या नाहीत, पण दूधदुभत्याला कधी कमतरता नव्हती. नाना दिवसातून चार वेळा चहा घेतात, दुपारी ताक आणि रात्री दहीभात असतो. तरीही ही वेळ का यावी? दुसरे असे की सासूबाई वर्षभर त्यांना रोज दहा भिजवलेले बदाम सोलून आणि चमचाभर ब्राह्मी घृत देत आहेत. त्याचा उपयोग झाला नाही, की तेही नसते तर आणखी बिघडले असते? मुलगी बारावीला आहे, तिच्याही उशाशी बदामांची वाटी असतेच. आहाराचा मेंदूवर परिणाम होतो असे सगळे म्हणतात, पण तो नेमका कसा होतो हे कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त_अध्यापिका, कारेलीबाग

ताई, मी डॉक्टर नाही. पोषणशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, तेवढ्या अधिकाराने लिहिते. उपचार डॉक्टर सांगतील तेच करावेत.

चहापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या घरांतील दुधाचा हिशेब चहातच चुकतो. उद्या नानांच्या कपात दूध नेमके किती जाते ते मापून पाहा. चाळीस मिलिलिटरहून फारसे अधिक निघणार नाही. म्हणजे चार कपांत १६० मिलिलिटर दूध झाले. पातळ ताकाच्या पेल्यात दही तीन चमचे असते, आणि दहीभातात वाटीभर धरू. १०० मिलिलिटर दुधात बी-१२ सुमारे ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असते आणि उकळताना त्यातलेही काही जाते. सगळी बेरीज केली तरी ती सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास येते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमहून थोडी अधिक आहे. वरण, भात, पोळी, पालेभाजी, उसळ, बदाम यांतून बी-१२ मुळीच मिळत नाही, कारण ते कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते फक्त जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत प्राण्यांच्या मार्फत पोहोचते. ढोकळ्याच्या किंवा इडलीच्या आंबवलेल्या पिठात ते तयार होते असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. स्पिरुलिना या शेवाळासारख्या जिवाणूच्या गोळ्यांत जे असते ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीराला उपयोगी न पडणारे द्रव्य असते.

मग नाना सत्तर वर्षे धडधाकट कसे राहिले? यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो. आत येणारे थोडे कमी पडले तरी माणूस बराच काळ निभावून नेतो, म्हणून ही कमतरता सावकाश, कोणाच्या लक्षात न येता वाढते. नानांच्या बाबतीत मला आहारापेक्षा शोषणाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. सुटे झाल्यावर जठरातच पाझरणारे एक प्रथिन त्याला सोबत घेते आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात नेऊन पोहोचवते, तेव्हा कुठे ते रक्तात उतरते. वयाबरोबर अनेकांच्या जठरातले आम्ल कमी होते. आम्लपित्ताची गोळी ते आणखी कमी करते. मेटफॉर्मिनमुळे आतड्याच्या शेवटच्या भागातले शोषण मंदावते. वय आणि दोन्ही गोळ्या, तिन्ही गोष्टी नानांकडे एकत्र आल्या आहेत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांची बी-१२ तपासणी अधूनमधून व्हावी अशी शिफारस आहे, ती याचसाठी. मात्र यावरून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आम्लपित्ताची गोळी अजून आवश्यक आहे का, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा.

जठरातल्या त्या सोबत्याचा शोध कसा लागला हे मी वर्गात सांगत असे आणि मुली नाक मुरडत, त्यामुळे जेवत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये विल्यम कॅसल हे तरुण डॉक्टर स्वतः सुमारे ३०० ग्रॅम मांस खात, तासाभराने ते ओकून काढीत आणि पांडुरोगाच्या, म्हणजे रक्तक्षयाच्या, एका घातक प्रकाराच्या रुग्णांच्या पोटात नळीने घालीत. रुग्णांचे रक्त सुधारू लागे. तेच मांस रुग्णांना थेट खाऊ घातले तर काहीही होत नसे. निरोगी जठरातले काहीतरी या रुग्णांकडे नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

आता बेसिनकडे येते. आपण हे इतके बारकाईने टिपले याबद्दल आपले कौतुक वाटते. मज्जातंतूंभोवती तारेवरच्या वेष्टनासारखे स्निग्ध आवरण असते आणि ते शाबूत राहण्यासाठी बी-१२ लागते. ते कमी पडले की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा मागचा भाग लवकर बाधित होतो, आणि पाय जमिनीवर कुठे टेकला आहे ही जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू नेमके तिथेच असतात. डोळे उघडे असताना माणूस ती उणीव नजरेने भरून काढतो. डोळे मिटले की आधार जातो आणि तोलही जातो. चप्पल निसटलेली न कळणे हा त्याचाच भाग असू शकतो, जरी दीर्घ मधुमेहानेही पायांची संवेदना कमी होते आणि दोन्ही कारणे एकत्र असू शकतात. एकाग्रता, हिशेब, उत्साह यांवरही बी-१२ च्या अभावाचा परिणाम होतो, आणि कधी कधी रक्तातले हिमोग्लोबिन अगदी ठीक असताना होतो. म्हणून ‘पांडुरोग नाही, म्हणजे बी-१२ ठीक असेल’ असे अनुमान काढू नये.

याच संदर्भात एक सावधगिरी. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या आणि गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातले द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. १९४० च्या दशकात ते गोळीच्या रूपात मिळू लागल्यावर बी-१२ च्या रुग्णांनाही दिले गेले. त्यांचे रक्त सुधारले, मज्जातंतू मात्र बिघडतच गेले. तेव्हा कोणी ‘रक्तवाढीची’ म्हणून फोलिक आम्लाची गोळी आणून दिली, तर बी-१२ चा बंदोबस्त झाल्याशिवाय ती एकटी देऊ नये.

फत्तेगंजकर

अध्यापिकाबाईंनी लिहिल्यावर बी-१२ बद्दल माझ्यासारख्याने भर घालण्यासारखे काही उरत नाही. परंतु वयस्कर माणसाचा गोंधळ आहाराशी निगडित असण्याचा दुसराही एक प्रकार आमच्या घरी घडला, तो सांगून ठेवतो.

माझ्या आईला, तेव्हा ती ७९ वर्षांची होती, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी होती आणि मीठ कमी करण्याची सूचना होती. ‘कमी’चे आम्ही ‘बंद’ केले. तिच्या वाटीतली आमटी वेगळी, अळणी असे. लोणचे आणि पापड गेले. वैशाखात बडोद्याचा उन्हाळा सुरू झाला तशी बहिणीने तिला दर तासाला पाणी पाजायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आई अन्नावर बसून राहू लागली, घास हातात तसाच. एका दुपारी तिने माझ्या सख्ख्या बहिणीला अत्यंत आदराने विचारले, “आपण कोणाकडच्या? चहा घेणार ना?” आम्ही समजलो की आता हे वयाचे आले, आणि दोन दिवस तसेच काढले. शेवटी रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातले सोडियम ११७ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते.

डॉक्टरांनी समजावले ते असे. रक्तातले सोडियम घटले की पाणी पेशींमध्ये शिरते आणि पेशी फुगतात. इतरत्र ते खपून जाते, पण मेंदू कवटीत बंदिस्त असल्याने त्याला फुगायला जागा नसते. मला वाटले होते की क्षारांची बाटली लावली की संध्याकाळपर्यंत काम होईल. परंतु सोडियम घाईने वाढवले तर मेंदूला उलट कायमची इजा होऊ शकते, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत ते मुद्दाम सावकाश वाढवले. चौथ्या दिवशी आईने बहिणीला नावाने हाक मारली आणि घरी गॅस कोणी बंद केला आहे की नाही, हे विचारले.

चूक डॉक्टरांची नव्हती. आम्ही सूचना अर्धवट ऐकली आणि तिला आपल्या काळजीची जोड दिली. ताई, नानांचा विसराळूपणा महिनोन्‌महिने वाढत आलेला दिसतो, त्यामुळे त्यांचा प्रकार वेगळा आहे. परंतु ज्यांच्या घरी वयस्कर माणूस चार दिवसांत एकाएकी बदलला असेल, त्यांनी बदाम भिजत घालण्याआधी सोडियम आणि साखर तपासून घ्यावी.

शंकेखोर

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, तरी चर्चा वाचणारे उद्या औषधाच्या दुकानात जाऊन बी-१२ च्या गोळ्या घेऊन येतील अशी भीती वाटते म्हणून लिहितो. ज्यांच्या रक्तात बी-१२ पुरेसे आहे त्यांना ते आणखी दिल्याने स्मरणशक्ती वाढते, असे चाचण्यांतून दिसलेले नाही. दिव्यात तेल नसेल तर तेल घालावे. भरलेल्या दिव्यात ओतले तर ते खालीच सांडणार.

बदामाचेही तसेच. दहा बदाम म्हणजे बारा-तेरा ग्रॅम उत्तम खाद्य आहे, त्यात इ जीवनसत्त्व आहे, चांगली चरबी आहे, ते जरूर खावेत. पण ते बुद्धीचे खत नव्हे. अक्रोडाची कीर्ती तर तो मेंदूसारखा दिसतो एवढ्यावरच चाललेली आहे; त्या न्यायाने राजमा खाऊन मूत्रपिंडे सुधारायला हवी होती. ब्राह्मीवर काही लहान चाचण्या झालेल्या आहेत आणि आठवणीच्या परीक्षांत थोडी सुधारणा दिसल्याचे त्यांत म्हटले आहे, परंतु त्या आधारावर ७४ वर्षांच्या माणसाची तपासणी वर्षभर लांबणीवर टाकणे योग्य नव्हते. सासूबाईंचा यात दोष नाही. त्यांच्या हातात जे होते ते त्यांनी केले.

पाश्चात्त्य देशांत ‘मेंदूचा आहार’ म्हणून गाजलेल्या माइंड आहाराची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. हिरव्या पालेभाज्या, बेरी, सुकामेवा, मासे असा तो आहार. ६०४ वृद्धांना तीन वर्षे, निम्म्यांना हा आहार आणि निम्म्यांना त्यांचा नेहमीचा. उष्मांक मात्र दोन्ही गटांत थोडे कमी केले होते. २०२३ मध्ये निष्कर्ष आला, आणि दोन गटांच्या बुद्धिचाचण्यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फिनलंडमधील २०१५ च्या चाचणीत फायदा दिसला होता, पण तिथे आहाराच्या जोडीला व्यायाम, मेंदूला चालना देणारे उपक्रम आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सारे एकत्र होते. त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे सांगता येत नाही.

याउलट, अन्नातली एखादी गोष्ट गेली की बुद्धी कशी जाते याचे उदाहरण शोधायला परदेशी जावे लागत नाही. पेलाग्रा या रोगात त्वचा काळवंडते, जुलाब लागतात आणि शेवटी बुद्धिभ्रंश होतो. नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, त्याच्या अभावाने हे घडते. जगभर तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा रोग मानला जाई. आपल्या दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्यांतही आढळला, आणि हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसीन या प्रथिन-घटकाचे जादा प्रमाण त्यास कारणीभूत असावे अशी मांडणी केली. ज्यांच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी होती त्यांना त्याच ज्वारीने काही केले नाही, म्हणून भाकरीला घाबरण्याचे कारण नाही.

निवृत्त_अध्यापिका, कारेलीबाग

शंकेखोर यांच्याशी सहमत आहे. दिव्याचे उदाहरण मी वर्गात वापरले असते. मुलीबद्दल लिहायचे राहिले होते. बारावीच्या मुलीच्या बाबतीत मला बदामांपेक्षा लोहाची चिंता अधिक वाटते. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तोच खर्च करतो. त्यासाठी लागणारा प्राणवायू हिमोग्लोबिन वाहून आणते, आणि मेंदूत डोपामिन तयार होण्यासाठीही लोह लागते. या वयाच्या मुलींना पाळीमुळे त्याची गरज अधिक असते आणि नेमक्या त्याच सकाळी थेपला किंवा पोह्यांबरोबर कडक चहा घेऊन पळतात. चहातली टॅनिन अन्नातले लोह अडवतात. चहा तासभर पुढे ढकलावा, पोह्यांवर लिंबू सढळ हाताने पिळावे, आणि तिचे हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) एकदा पाहून घ्यावे.

तिचे बी-१२ देखील तपासा, ताई. तिचे ताटही नानांच्याच स्वयंपाकघरातून येते. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांचे बी-१२ फार कमी होते त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधान आणि तात्पुरत्या स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. मुलींच्या बी-१२ चा विचार लग्न ठरल्यावर सुरू करण्याची आपली पद्धत आहे, तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

आपल्याकडे उपवासालाच नव्हे तर रोजच्या जेवणातही सैंधव वापरण्याची टूम निघाली आहे. आयोडीन मुद्दाम मिसळलेले नसेल, तर सैंधवातून ते पुरेसे मिळत नाही. गर्भातील बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन अत्यावश्यक आहे, म्हणून रोजचे मीठ आयोडीनयुक्तच ठेवावे.

वाड्यातली_सून

सात आठवड्यांनंतर लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

दूध मापले. चार कपांत मिळून १५० मिलिलिटर भरले. सासूबाईंना ते पटेना, म्हणून त्यांनी स्वतः पुन्हा मापले आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

नानांची सुरुवातीची इंजेक्शने झाली, आता महिन्याला एक आहे. आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. जळजळ अधूनमधून होते, पण रात्रीचे जेवण आठच्या आत आणले त्याने बरीच थांबली आहे. मेटफॉर्मिन तसेच आहे. जिभेची आग होत असे, जी त्यांनी आम्हाला कधी सांगितलीच नव्हती, ती पूर्ण गेली. बेसिनपाशी अजून ते नळाला हात लावतात, परंतु झटक्याने धरत नाहीत. चप्पल निसटणे फारसे कमी झालेले नाही. म्हणून मागे पट्टा असलेली घेतली आहे.

हिशेबाचे म्हणाल तर संमिश्र आहे. वर्तमानपत्र पुन्हा शेवटच्या पानापर्यंत वाचले जाते आणि सुरसागर तलावाला एक फेरी मारून ते वेळेवर परत येतात. परंतु मागच्या आठवड्यात मी मुद्दाम त्यांना दिवाळीच्या वाणसामानाची यादी बेरजेला दिली, तर बेरीज बरोबर आली तरी एरवी पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. हे आणखी सुधारेल का, की जे गेले ते गेले? मुलीचे बी-१२ १९० निघाले. तिच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

निवृत्त_अध्यापिका, कारेलीबाग

रक्त काही आठवड्यांत सुधारते, मज्जातंतूंना महिने लागतात. सहा महिने ते वर्षभर सुधारणा होत राहू शकते आणि त्यापुढे जे उरेल ते बहुधा तसेच राहते. उपचार किती लवकर सुरू झाला यावर बरेच अवलंबून असते, म्हणून आत्ताच निकाल काढू नका. सहा महिन्यांनी बेरीज पूर्वीसारखी होत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. बी-१२ कमी सापडले म्हणून दुसरे कारण नसेलच असे नाही.

पुढे इंजेक्शनाऐवजी गोळी चालेल का, असे डॉक्टरांना विचारता येईल. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतील सुमारे एक टक्का त्या जठरातल्या सोबत्याशिवायही आपोआप आत झिरपतो, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज दोनची आहे. ती गोळी रोज घेतली जाते की नाही, हे मात्र नानांच्या आठवणीवर सोडू नका. आठवड्याच्या सात खणांची डबी आणा आणि ती गणपतीच्या जमाखर्चाच्या वहीशेजारी ठेवा.

वाड्यातली_सून

डबी आणली. वहीशेजारी ठेवली आहे. नानांनी प्रत्येक खणावर वार लिहिले आणि रविवारपासून सुरू होणारा आठवडा चुकीचा आहे म्हणून सोमवारपासून पुन्हा लिहिले.